चौथ्या नंबरावरचे बाबा

४ मार्च

ढब्बू,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही. लिहिलेलं नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस म्हणून हे पोस्टाने. पत्राला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, निघाली की पहिला तूच घेशील.

आज सकाळी दुकानात एक बाई आली. दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. कपाटाच्या किल्लीवरून दुसरी किल्ली करून हवी होती. मी मशीनवर किल्ली घासतेय आणि ही गालातल्या गालात हसतेय. दाराकडे बघते, हसते, माझ्याकडे बघते, पुन्हा हसते. शेवटी म्हणाली, "राग मानू नका हं, पण हे तेच दार ना? ते कुलूपवाले काका?" मी म्हटलं, ते माझे वडील. तर ही बया चक्क टाळी वाजवून म्हणते, "अय्या! आमच्या वेटिंग रूममध्ये टीव्हीवर लावतो आम्ही. दाढ काढायला आलेला माणूससुद्धा हसतो हो!"

मग तिने मला एक यादी दाखवली. 'मन खट्टू झालं की बघायच्या दहा क्लिपा.' कुणी रिकामटेकड्याने केलीय आणि लाखो लोकांनी एकमेकांना पाठवलीय. पहिला कोण, तर जिना उतरायला घाबरणारा कुत्रा. दुसरं, कागद फाडला की खिदळणारं बाळ. तिसरं, शिट्टी वाजली की आडवं होणारं बदक. आणि चौथे आपले बाबा. बदकाच्या खाली! पाचवं सोफ्यावरून घसरणारं मांजर. ज्या माणसाने चाळीस वर्षं या शहरातली अडलेली कुलपं उघडली, अडकलेली माणसं बाहेर काढली, त्याला तू बदक आणि मांजर यांच्यामध्ये नेऊन बसवलंस.

त्या बाईची किल्ली मी दोनदा बिघडवली. आयुष्यात पहिल्यांदा.

क्लिपमध्ये काय आहे ते तुला सांगायची गरज नाही, काढणारा तूच. तरी सांगते, म्हणजे लिहिलेलं वाचून तरी लाज वाटेल. सकाळची वेळ. बाबा दुकानाच्या दारात. किल्ली घालतात, उघडायच्या बाजूला फिरवतात, फिरत नाही. तेल घालतात. फुंकर मारतात. गुडघ्यावर बसतात, पिशवीतून कुलूप उघडायचे बारीक आकडे काढतात, कुलपाला कान लावतात. येणारेजाणारे थांबून बघतायत. तेवढ्यात आई चहाचा थर्मास घेऊन येते, एका बोटाने दार ढकलते आणि ते उघडतं. कुलूप लावलेलंच नसतं. कुलपावर ओणवलेले बाबा चारी पायांवर आत पडतात आणि तिथेच बसून हसत सुटतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पन्नास सेकंद. झालं. याच्यावर जग खूश.

साधा माणूस आधी दार ढकलून बघतो. किल्लीवाला ढकलत नाही, कारण त्याला दिसतं ते कुलूप. ही चूक फक्त आपल्या घरातल्या माणसाकडूनच होऊ शकते, आणि तिचा तू तमाशा केलास. त्या व्हिडिओनंतर बाबांनी हळूहळू दुकानात यायचं बंद केलं. लाजेने. आता तर झटका येऊन आठ महिने झाले. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आई तर त्याच्याही आधी गेली. असा माणूस खुर्चीत गप्प बसलाय आणि लोक त्याला बघून दाढा काढून घेतायत.

ते काढून टाक. आठ दिवस देते.

ताई

१५ मार्च

ढब्बू,

अकरा दिवस झाले. पत्र मिळालं नाही म्हणू नकोस, मी पोचपावती घेतलीय. सही तुझीच आहे, तीच कोंबडीने पाय घासल्यासारखी.

तू नाही काढलंस तर मी काढते, असं ठरवून मी कामाला लागले. मावशीकडे गेले. तिला म्हटलं, फोन दे. तिला वाटलं मी काहीतरी बिघाड दुरुस्त करतेय. मी तिच्या फोनमधून ते उडवलं आणि मग सांगितलं. ती म्हणाली, "अगं, माझ्या बहिणीचं तेवढंच होतं की गं त्यात." मी म्हटलं, आईचे फोटो आहेत की भिंतीवर. ती चहा टाकायला आत गेली. दोन्ही आतेबहिणींच्या, समोरच्या शिंप्याच्या, दुधाच्या दुकानातल्या पोरीच्या फोनमधून काढायला लावलं. शिंपी म्हणाला, "मी रोज दुपारी मशीन चालू करायच्या आधी एकदा बघतो, हात हलका होतो." म्हटलं, हात हलका करायला दोरा बदला. दुधाच्या दुकानातली पोर रडकुंडीला आली. मला काही सोयरसुतक नाही.

आपलं भांडण झालं तेव्हा तू स्वयंपाकघरात उभा राहून काय म्हणाला होतास, आठवतंय? "ताई, लोक बाबांना हसत नाहीयेत, बाबांबरोबर हसतायत." मोठा आला वाक्यं टाकणारा. आई जाऊन महिना झाला नव्हता. आणि मग वर तोंड करून मला विचारलंस की तुला एवढं नक्की कशाचं लागलंय. मला कशाचं लागलंय! दार उघडं कसं राहिलं हा मुद्दाच नाही, मी तेव्हाही तेच सांगितलं, आजही तेच सांगते. त्यावरून मी तुला घराची किल्ली ठेवून जा म्हटलं आणि तू ठेवून गेलास. मला वाटलं होतं तू ठेवणार नाहीस.

आपल्या घरात दहाव्या वर्षी प्रत्येकाने आपली घराची किल्ली आपल्या हाताने घासायची, ही बाबांची पद्धत. तुझी इतकी वाकडी झाली होती की दार जरा उचलून धरल्याशिवाय लागायची नाही. बाबांनी ती बदलू दिली नाही. ती आता माझ्या ड्रॉवरमध्ये पडलीय. दिसली की डोक्यात तिडीक जाते.

काढ ते. शेवटचं सांगतेय.

ताई

२३ मार्च

ढब्बू,

तुझं कार्ड मिळालं. "काढलं. सगळीकडून काढलं. माझ्या फोनमधूनही. आता सुखी राहा." वा! आठ वर्षं कॉलेजात काढून माणसाने एवढंच लिहायला शिकावं.

मी खात्री करून घेतली. त्या नावाने शोधलं तर आता काही येत नाही. यादीत चौथ्या नंबरावर करडा चौकोन आहे, 'हा व्हिडिओ उपलब्ध नाही.' खाली लोकांनी गळे काढलेत. 'काका कुठे गेले?' 'माझी परीक्षा आहे, आज काका हवे होते.' एक जण लिहितो की तो तीन महिने हॉस्पिटलात होता आणि रोज बघायचा. असेल बघत. आम्ही काय सगळ्यांच्या करमणुकीचा मक्ता घेतलाय?

आभार मानणार नाही. जे करायलाच नको होतं ते निस्तरल्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसतं.

बाकी ठीक. बाबा तीन दिवस नीट जेवत नाहीयेत, तोंड फिरवतात. हवा बदललीय म्हणून असेल. त्यांना बोलायला शिकवायला ज्या बाई येतात त्यांनी दोनदा निरोप ठेवला, भेटायचंय म्हणून. त्या येतात अकराला, मी दुकानात. काय एवढं भेटायचंय? सहा महिने शिकवतायत, अजून एक शब्द माझ्या कानावर पडलेला नाही.

ताई

३० मार्च

ढब्बू,

तू इतका गाढव कसा?

जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस. अभ्यास कर म्हटलं, नाही केलास. दूर जाऊ नको म्हटलं, गेलास. आणि नेमकं हेच एक ऐकायचं होतं? तेही सगळीकडून, फोनमधूनसुद्धा? थोडं तरी हेकटपण शिल्लक ठेवायचंस!

सांगते. त्या बाई काल दुकानात आल्या. भेटत नाही म्हणून स्वतः चालत आल्या. गल्ल्यापाशी उभ्या राहिल्या आणि मला झापलं. मला! ग्राहकांसमोर! म्हणाल्या, "तो व्हिडिओ कुणी काढून टाकला? दोन महिने मी त्यावर काम करतेय."

मला काही कळेना. मग त्यांनी मला बाकावर बसवलं आणि सांगितलं. झटक्यानंतर ज्यांचं बोलणं जातं त्यांना कधीकधी एकट्याने शब्द काढता येत नाही, पण ओळखीच्या आवाजाच्या जोडीने तोच शब्द येतो. त्यांनी गाणी लावून बघितली, बातम्या लावून बघितल्या, काही नाही. मग एकदा बाबांनीच डाव्या हाताने त्यांचा फोन ओढला आणि दाराकडे बोट केलं. बाईंना तो व्हिडिओ माहीत होताच, सगळ्या जगाला होता. तेव्हापासून रोज अकरा वाजता लावायच्या. आईचं ते एक वाक्य आहे ना, "अहो, ढकला की!" बाबा तिच्या जोडीने म्हणायचे. आधी नुसतं 'की'. मग 'ढ' आणि 'की'. गेल्या पंधरवड्यात अख्खं म्हणाले. आणि म्हणून झालं की हसायचे, तोंडाची एकच बाजू हलायची पण हसायचे. बाईंना मला तेच सांगायचं होतं. त्यांनी ते दुसऱ्या कशावर उतरवून ठेवलेलं नव्हतं. कशाला ठेवतील, रोज तिथेच तर होतं.

आठ दिवस झाले, बाबांनी 'की'सुद्धा म्हटलेलं नाही. बाई आल्या की फोनकडे हात करतात आणि मग भिंतीकडे बघतात. बाई म्हणाल्या, सुरुवातीचेच महिने मोलाचे असतात, आलेलं लवकर वापरात नाही ठेवलं तर परत येईलच याचा भरवसा नाही.

मी घरात राहते, ढब्बू. मी भरवते त्यांना. आणि मला माहीत नव्हतं. तो व्हिडिओ मी आजपर्यंत एकदाही आवाज लावून बघितलेला नाही. आई असताना बघितला नाही रागाने, आणि ती गेल्यावर धीर झाला नाही. मावशी काय म्हणत होती ते मला आत्ता कळतंय. आईचा आवाज या जगात तेवढाच होता, तीन शब्दांचा, आणि तो मी घरोघर फिरून पुसून आले.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. बाबांनी लाजेने दुकान सोडलं हे खोटं आहे. त्या व्हिडिओनंतर कुणी कुलूप घेऊन आलं की ते आधी डोळे मिचकावून विचारायचे, "ढकलून बघितलंत का?" आणि गिऱ्हाइकाआधी स्वतःच हसायचे. दुकानात यायचं थांबले ते आई गेल्यावर. चहा आणणारं कुणी नव्हतं म्हणून.

आणि दार मी उघडं ठेवलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा लवकर घरी गेले, बंद करायचं मी घेतलं. फोनवर बोलत होते, दार ओढलं आणि चालायला लागले. किल्ली फिरवलीच नाही. किल्लीवाल्याची पोर, आणि दुकान रात्रभर उघडं. सकाळी बाबा गुडघ्यावर बसले तेव्हाच मला ते आठवलं होतं, पण वीस लोकांसमोर सांगायचं कसं? म्हणून गप्प उभी राहिले. मी बोलले असते तर ते पडले नसते. माझ्या चुकीवर सगळं जग बाबांना हसतंय, मला त्याचं लागलं होतं. तू विचारलंस ना? हे घे उत्तर.

तुझ्याकडे कुठेतरी असेल. जुन्या कॉम्प्युटरवर, कशातही. शोध. शोध नाही, पाठव. लगेच.

ताई

९ एप्रिल

ढब्बू,

अजून काही नाही. मी एवढं सगळं पोटातलं काढून लिहिलं आणि तू गप्प. तुझ्या घरून पोस्ट निघत नाही का?

मी दातांच्या दवाखान्यात जाऊन आले. ती बाई म्हणाली, आम्ही थेट नेटवरूनच लावायचो. आता बदक लावतात. आतेबहिणींनी तोंडावर सांगितलं, "तूच काढायला लावलंस ना?" दुधाच्या दुकानातली पोर माझ्याशी बोलतच नाही.

शेवटी काल मी स्वतः केलं. बाबांना चाकाच्या खुर्चीतून दुकानापाशी नेलं, दारासमोर बसवलं. आईचं वाक्य बोलायला मावशी, तिचा आवाज जरा तसा आहे म्हणून. हातात तोच थर्मास दिला. मी दाराशी गुडघ्यावर बसले, तेल घातलं, फुंकर मारली, आकडे काढले. लोक जमले. जमणारच. पाच-सहा फोन वर झाले. घ्या, म्हटलं, काढा माझा व्हिडिओ, मनसोक्त काढा. आणि मावशीने शाळेच्या नाटकात प्रधान आल्याची वर्दी द्यावी तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "अहो! ढकला! की!" आणि घाबरून थर्मासच दारावर आपटला.

मी आत पडले. गुडघा फुटला. सगळी गल्ली हसली. बाबा हसले नाहीत. ते माझ्या हातातल्या आकड्याकडे रागाने बघत होते, मी तो उलटा धरला होता. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी येताना मावशी रडत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. तिचा काय दोष, सांग?

ताई

२१ एप्रिल

ढब्बू,

तुझा लिफाफा परवा मिळाला. पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी. "हे कापण्याआधीचं आहे. पूर्ण साडेचार मिनिटं. जुन्या डिस्कवर होतं, डिस्क उघडायला माणूस शोधावा लागला म्हणून उशीर. हे कुठेही टाकलेलं नाही, कधी टाकणार नाही. बाबांना दाखव. तू नाही बघितलंस तरी चालेल."

तू नाही बघितलंस तरी चालेल म्हणे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

काल अकराला दुकान बंद ठेवलं. बाई आल्या, मावशी आली. बाईंनी लॅपटॉप बाबांच्या समोर ठेवला आणि आवाज मोठा केला. मी मागे उभी राहिले. बाबा किल्ली घालतात, तेल घालतात, सगळं तेच. आई येते. "अहो, ढकला की!" मी खुर्चीची पाठ धरली. आणि बाबा तिच्या जोडीने बोलले. पहिलं 'अहो' गेलं, पण 'ढकला की' आलं. ढब्बू, मी ऐकलं. जाड, ओलं, घसरलेलं, पण आलं. मावशीने तोंडात पदर कोंबला. बाई मान हलवून म्हणाल्या, आहे, अजून आहे, गेलेलं नाही.

लोकांचा व्हिडिओ तिथे संपत होता. तुझा संपत नाही.

बाबा हसून हसून जमिनीवर बसलेत आणि आई विचारते, "पण काल दार लावलं होतं कुणी?" आणि तुझा कॅमेरा फिरतो आणि माझ्यावर येतो. माझं तोंड बघितलंयस तू. पांढरंफटक. दहा वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की दार हिने उघडं ठेवलंय. आणि बाबा जमिनीवरून माझ्याकडे बघतात, चांगलं दोन-तीन सेकंद, आणि हसू पुसत आईला सांगतात, "मीच. विसरलो मी."

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि तुलाही. तू तेवढंच कापलंस. लाखो लोकांनी ते बघितलं आणि एकालाही माझं तोंड दिसलं नाही, ते तुझ्यामुळे. स्वयंपाकघरात मी तुला वाटेल ते बोलत होते, बाबांची अब्रू काढलीस म्हणत होते, तेव्हा तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतास. केलं नाहीस. किल्ली ठेवलीस आणि गेलास. आणि मी चार-चार पानं भरून तुला कबुलीजबाब पाठवला, जो तुला पाठ होता!

मला किती राग आलाय तुला कल्पना नाही. तुझ्यावर, का सांगितलं नाहीस म्हणून. बाबांवर. आणि हा सगळा राग घेऊन मी आता कुणाच्या अंगावर जाऊ?

पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. पुढचं ऐक.

बाईंनी पुन्हा लावलं, आणि या वेळी बाबा पुढेही बोलले. आईने विचारलं, "पण काल दार लावलं होतं कुणी?" आणि व्हिडिओतले बाबा तोंड उघडायच्या आत खुर्चीतल्या बाबांनी डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "मी...च."

एकट्याने. कुणाच्या जोडीने नाही. बाईंनी व्हिडिओ थांबवला. म्हणाल्या, हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे, नऊ महिन्यांतला पहिला.

पहिला शब्द आला तोही माझ्या चुकीवर पांघरूण घालायला. मी खुर्चीसमोर जाऊन खाली बसले आणि म्हटलं, "नाही बाबा. मी. दार मी उघडं ठेवलं होतं." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, जोरात, डाव्या हाताने. मग एका बाजूने हसायला लागले.

सोबत तुझी वाकडी किल्ली पाठवतेय. सरळ करून पाठवणार होते, आज बाबांना दुकानात नेलं तेव्हा मशीनवर लावलीही होती, पण बाबांनी खुर्चीतून असे डोळे वटारले की काढून घेतली. दार उचलून धरायचं विसरू नकोस. आणि ते पन्नास सेकंद पुन्हा टाक नेटवर. दुधाच्या दुकानातल्या पोरीला मी शब्द दिलाय. बदकाच्या खाली आले तरी हरकत नाही.

ये लवकर.

तुझी ताई